दहा पौंडांचा कर आणि पंधरा पॉइंट्स : ऑस्ट्रेलियाच्या सोन्याच्या गावांत, ऐन थंडीत

(या एपिसोडचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल तर इथे निवांत वाचा.)



जुलै महिना म्हणजे आपल्याकडे काय? उल्हास नदी फुगलेली, बदलापूर-वांगणीच्या मध्ये रुळांवर पाणी आणि अंबरनाथ स्टेशनवर "गाडी कधी येणार?" हा एकच प्रश्न. नेमक्या त्याच दिवसांत ऑस्ट्रेलियात ऐन हिवाळा असतो. मेलबर्नमध्ये राहणारे आपले मराठी लोक (आणि आता प्रत्येकाच्या ओळखीत तिथे कोणी ना कोणी असतंच) या दिवसांत जॅकेटं चढवून बर्फ बघायला निघतात. वाटेत जुनी गावं लागतात. रुंद रस्ते, लोखंडी जाळीकाम केलेल्या गॅलऱ्या, गावाच्या मानाने फारच मोठं पोस्ट ऑफिस. लोक फोटो काढतात, कॉफी घेतात, पुढे जातात.

ती गावं सोन्यावर उभी आहेत. आणि बाहेरून आलेल्या माणसाला कधी आत घ्यायचं, कधी बाहेर ठेवायचं, याचे हिशोब तिथे पावणेदोनशे वर्षांपूर्वी अगदी उघडपणे मांडले गेले. आपल्यापैकी बरेच जण आज त्याच देशाच्या व्हिसासाठी पॉइंट्स मोजतायत. म्हणून आज त्या रस्त्याने एक चक्कर मारू.

पहिला थांबा : बॅलरॅट

मेलबर्नच्या सदर्न क्रॉस स्टेशनवरून ट्रेन पकडली की साधारण दीड तासात बॅलरॅट. म्हणजे अंबरनाथहून सीएसएमटीला जायला जितका वेळ लागतो, जवळपास तितकाच. फरक हवेत आहे. बॅलरॅट उंचावर आहे. जुलैत दुपारीसुद्धा पारा दहा अंशांच्या आसपास रेंगाळतो. सकाळी धुकं, गवतावर दहिवर आणि वारा असा की कानटोपी काढायची हिंमत होत नाही.

१८५१ सालच्या अशाच एका हिवाळ्यात या भागात सोनं सापडलं. त्याआधी फेब्रुवारीत एडवर्ड हारग्रेव्ह्ज नावाच्या माणसाला शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये सोनं मिळालं होतं. तो कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या धावपळीतून हात हलवत परतलेला. जुलैत क्लून्सला, ऑगस्टमध्ये बॅलरॅटला, मग कॅसलमेन, बेंडिगो... एकामागून एक बातम्या. मेलबर्नमधले कारकून, खलाशी, पोलीस नोकऱ्या सोडून पळाले. व्हिक्टोरियाची लोकसंख्या १८५१ मध्ये सुमारे ७७,००० होती; १८६१ पर्यंत ती ५,३८,००० च्या वर गेली. दहा वर्षांत सातपट! आपल्या बदलापूरला झपाट्याने वाढताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना थोडीफार कल्पना येईल.

सुरुवातीला काम सोपं होतं. ओढ्याकाठची माती तव्यासारख्या भांड्यात घ्यायची, पाण्यात गोल गोल हलवायची; माती वाहून जाते, जड सोनं तळाशी राहतं. पण वरवरचं सोनं लवकर संपलं. मग कळलं की बॅलरॅटचं खरं सोनं खोल आहे. लाखो वर्षांपूर्वीच्या नद्या होत्या, त्यांच्या पात्रात सोनं साचलं होतं आणि वरून ज्वालामुखीचा लाव्हा पसरून ती पात्रं गाडली गेली होती. लाव्हा थंड होऊन झालेला दगड म्हणजे बेसाल्ट. आपला काळा पाषाण! अंबरनाथच्या शिवमंदिराचं कोरीवकाम ज्या जातीच्या दगडात आहे, त्याच जातीचा. तो फोडून खाली जायचं म्हणजे काय, हे आपल्याकडे विहीर खणणाऱ्याला विचारा.

आठ-दहा जण मिळून एक उभी विहीर खणायचे. महिनोन् महिने. थंडीत भिंतींतून पाणी झिरपायचं, बादल्यांनी उपसायचं. तळाशी पोचल्यावर जुनी नदी लागली तर नशीब उघडलं. चार हात बाजूला चुकली तर सगळी मेहनत पाण्यात. आणि या सगळ्या महिन्यांत कमाई शून्य.

ही 'कमाई शून्य' गोष्ट लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

कमाईवर नाही, प्रयत्नावर कर

सरकारने पहिल्याच वर्षी लायसन्स लावलं. महिन्याला ३० शिलिंग, म्हणजे दीड पौंड. सोनं सापडो न सापडो, खणायचं असेल तर पैसे भरा. कंपनीने इंटरव्ह्यूला येणाऱ्या प्रत्येकाकडून दर महिन्याला फी घ्यावी, तसं हे.

लोकांनी लगेच दगड उचलले असं नाही. आधी अर्ज केला. १८५३ च्या हिवाळ्यात बेंडिगोच्या खाणकामगारांनी हजारो सह्यांचा लांबलचक अर्ज मेलबर्नला गव्हर्नरकडे नेला. टोप्यांना लाल फिती बांधून निषेध केला. फी थोडी कमी झाली, पण पद्धत तीच राहिली. मग १८५४ मध्ये नवा गव्हर्नर आला, चार्ल्स हॉथम. तिजोरी रिकामी, म्हणून त्याने हुकूम दिला की आठवड्यातून दोनदा लायसन्स तपासा. पोलीस घोड्यांवरून यायचे, खोल विहिरीतल्या माणसाला वर बोलवायचे, चिखलाने माखलेल्या कपड्यांतून कागद काढून दाखवायला लावायचे. कागद तंबूत राहिला असेल तर अटक. लोक याला 'लायसन्स हंट' म्हणायचे, म्हणजे शिकार.

जरा थांबून एक गंमत सांगतो. याच १८५४ मध्ये डलहौसीने झाशी खालसा केली. राणी लक्ष्मीबाईंनीसुद्धा तलवारीआधी अर्जच केले होते. आणि सल्ल्यासाठी त्यांनी बोलावलेला वकील होता जॉन लँग, जन्म १८१६, ऑस्ट्रेलियातल्या सिडनीजवळ पॅरामाटाचा! अर्ज फेटाळले गेले. हा लँग पुढे मसुरीत वारला, त्याची कबर आजही तिथे आहे. म्हणजे एकाच वर्षी, एकाच साम्राज्यात, झाशीत आणि बॅलरॅटमध्ये लोक कागदावर न्याय मागत होते आणि दोन्हीकडे कागद परत येत होता.

बॅलरॅटमध्ये नोव्हेंबर १८५४ च्या शेवटी हजारो माणसं जमली. निळ्या कापडावर पांढरा क्रॉस आणि तारे असा झेंडा फडकवला, लायसन्सचे कागद जाळले. पीटर लॉलर नावाचा आयरिश तरुण पुढारी झाला. त्यांनी लाकडं, गाड्या रचून एक आडोसा केला. त्या जागेचं नाव युरेका. ३ डिसेंबरला, रविवारी पहाटे, बहुतेक लोक आपापल्या तंबूत परतलेले असताना सैन्याने हल्ला केला. पंधरा-वीस मिनिटांत खेळ खलास. तीसच्या आसपास माणसं मेली, बहुतेक खाणकामगार. लॉलरचा डावा हात कापावा लागला.

तेरा जणांवर राजद्रोहाचा खटला भरला. सगळ्यात आधी उभा केला जॉन जोसेफ नावाच्या काळ्या अमेरिकन माणसाला. ज्यूरीने त्याला सोडलं आणि लोकांनी त्याला खुर्चीत बसवून मेलबर्नच्या रस्त्यांवरून मिरवलं. मग बाकीचेही सुटले. लॉलर पुढच्याच वर्षी विधिमंडळात गेला, नंतर तर सभापती झाला. तो झेंडा बॅलरॅटमध्ये जपून ठेवलाय. थंडीत गेलात तर गर्दी कमी असते, शांतपणे बघता येतो.

एकाच अहवालातल्या दोन शिफारशी

ही गोष्ट ऑस्ट्रेलियात अभिमानाने सांगतात आणि सांगावीच. पण बहुतेक व्हिडिओ इथेच संपतात. आपण पुढचं पान उलटू.

सरकारने चौकशी आयोग नेमला होता. त्याचा अहवाल मार्च १८५५ मध्ये आला. त्यात म्हटलं, लायसन्स रद्द करा. त्याऐवजी वर्षाला फक्त एक पौंड भरून 'मायनर्स राइट' नावाचा कागद द्या. ज्याच्याकडे तो आहे त्याला खणायचा हक्क आणि मतदानाचाही हक्क. सरकारचं उत्पन्न मग कुठून? परदेशी जाणाऱ्या सोन्यावर कर लावून. म्हणजे ज्याला सोनं मिळालं तो देईल, ज्याला नाही मिळालं तो नाही. प्रयत्नावरचा कर गेला, कमाईवरचा आला. लोक जिंकले.

त्याच अहवालात दुसरी शिफारस होती : चिनी लोक फार येतायत, त्यांना रोखा.

जून १८५५ मध्ये कायदा झाला. व्हिक्टोरियाच्या बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसामागे दहा पौंड कर. शिवाय जहाजाच्या दर दहा टनांमागे एकच चिनी प्रवासी. गोऱ्या खाणकामगाराला वर्षाचा हक्क एक पौंडात. चिनी माणसाला नुसतं पाऊल ठेवायला दहा पौंड. दोन्ही नियम एकाच वर्षी, एकाच सरकारकडून, एकाच अहवालातून.

हे चिनी लोक कोण होते? बहुतेक दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतातले शेतकरी. प्रवासाचा खर्च कर्ज काढून केलेला. गावी घरदार त्या कर्जाला बांधलेलं. एज्युकेशन लोन घेऊन मेलबर्नला मास्टर्स करायला गेलेला आपला मित्र आठवा. तोच ताण, फक्त व्हॉट्सॲप कॉल नाही. त्यांच्या भाषेत कॅलिफोर्निया म्हणजे 'सोन्याचा जुना डोंगर' आणि व्हिक्टोरिया म्हणजे 'सोन्याचा नवा डोंगर'.

रोब ते अरारॅट, पायी

आता फोनवर नकाशा उघडा आणि मेलबर्नच्या पश्चिमेला समुद्रकिनाऱ्याने सरकत जा. राज्याची हद्द ओलांडली की साउथ ऑस्ट्रेलिया लागतं. तिथे रोब नावाचं लहानसं बंदर दिसेल. व्हिक्टोरियाचा कायदा तिथे लागू नव्हता. जहाजवाल्यांनी हिशोब केला : चिनी प्रवाशांना रोबला उतरवा, पुढे ते चालत जातील.

१८५६ ते १८५८ या काळात रोबला सोळा हजारांहून जास्त चिनी माणसं उतरली. गावची वस्ती काहीशे. तिथून सोन्याच्या गावांपर्यंत चारशेहून अधिक किलोमीटर. अंबरनाथहून कोल्हापूरला चालत जा आणि मग आणखी थोडं, इतकं अंतर. खांद्यावर कावड, एकामागे एक लांब रांग, अनोळखी झाडं, दलदल आणि वाट दाखवणाऱ्यांपैकी काही जण पैसे घेऊन अर्ध्यात सोडून जाणारे. जे हिवाळ्यात आले त्यांना पाऊस, चिखल, रात्रीची थंडी. वाटेत त्यांनी पाण्यासाठी विहिरी खणल्या.

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो : कल्याणच्या पुढे आपल्या अंबरनाथ-बदलापूरवरून खोपोलीकडे जाणारी रेल्वे सुरू झाली ती १८५६ मध्ये. इथे लोक पहिल्यांदा आगगाडी बघत होते, तेव्हा तिथे ही रांग चालत होती.

१८५७ मध्ये असाच एक सुमारे सातशे जणांचा जथा चालता चालता पाण्यासाठी थांबला आणि त्यांना तिथेच सोनं लागलं. मोठा साठा. त्यातून अरारॅट शहर उभं राहिलं. चिनी लोकांनी वसवलेलं ऑस्ट्रेलियातलं एकमेव शहर, अशी त्याची ओळख आहे. आज तिथे 'गम सान' नावाचं संग्रहालय आहे. गम सान म्हणजे सोन्याचा डोंगर. बॅलरॅटहून गाडीने तासाभराच्या आसपास. पाटी दिसली तर थांबा.

बकलँड, ४ जुलै १८५७

आता नकाशाच्या दुसऱ्या टोकाला, ईशान्येकडे. मेलबर्नचे आपले लोक माउंट हॉथमला बर्फ बघायला जाताना ब्राइट नावाच्या गावात मुक्काम करतात. (हो, हॉथम. तोच लायसन्सवाला गव्हर्नर.) ब्राइटच्या जवळच बकलँड नदीचं खोरं आहे. हिवाळ्यात तिथलं पाणी हात लावताच बधिर करणारं.

१८५७ मध्ये या खोऱ्यात दोन हजारांच्या आसपास चिनी खाणकामगार काम करत होते. ४ जुलैला गोऱ्या खाणकामगारांची एक सभा झाली आणि सभेतून उठून सुमारे शंभर जणांचं टोळकं चिनी तंबूंवर चालून गेलं. तंबू, दुकानं, नुकतंच बांधलेलं मंदिर जाळलं. लोकांना भर थंडीत नदीपार हाकललं. सरकारी नोंदीत मृत्यू तीन. खरा आकडा जास्त असणार असं तेव्हाही बोललं गेलं. बीचवर्थहून रॉबर्ट बर्क हा पोलीस अधिकारी तुकडी घेऊन आला. खटले चालले, पण मोठ्या गुन्ह्यांतून ज्यूरीने आरोपींना सोडून दिलं.

अडीच वर्षांपूर्वी याच व्हिक्टोरियाच्या ज्यूरीने जॉन जोसेफला सोडलं होतं आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. आता सोडले ते जाळणारे.

हे कसं होतं? मला वाटतं, आपल्या लोकलमध्ये रोज होतं तसंच. अंबरनाथला प्लॅटफॉर्मवर उभा असताना माणूस ओरडतो, "अहो, आत सरका, जागा आहे!" एकदा आत शिरला की कल्याणला तोच माणूस दारातल्यांना सांगतो, "जागा नाही, मागून येतेय गाडी." माणूस तोच, फक्त तो आता आत आहे. युरेकाचा हक्क ज्यांना मिळाला त्यांच्यातल्या काहींनी पहिलं काम केलं ते दार लावण्याचं.

आणि डबा तरी कोणाचा? बेंडिगो-कॅसलमेनची जमीन जाजा वुरुंग लोकांची, बॅलरॅटची वाडावुरुंग लोकांची. हजारो वर्षांपासूनची. त्यांना ना कोणी लायसन्स विचारलं, ना परवानगी. कॅसलमेनच्या जंगलात आजही जमिनीत जुने खड्डे आणि मातीचे ढिगारे आहेत. वाट सोडून चालू नका अशा पाट्या लावलेल्या असतात. जाजा वुरुंग लोक या भूमीला 'उलटी केलेली जमीन' म्हणतात. आतली माती बाहेर, बाहेरची आत. याहून नेमकं वर्णन मी वाचलेलं नाही.

श्रुतलेखन तेव्हाचं आणि आत्ताचं

जाता जाता बर्कचं पुढे काय झालं ते सांगतो. १८६० मध्ये ऑस्ट्रेलिया दक्षिणोत्तर ओलांडण्याच्या मोहिमेचा तो प्रमुख झाला. त्यासाठी कराचीहून, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातून, २४ उंट आणि ते हाकणारी माणसं नेली होती. बर्क वाटेत मेला. पण त्यानंतर कित्येक दशकं ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला माल आपल्याकडच्या उंटवाल्यांनी वाहिला. काम होतं तोवर ते हवे होते.

१९०१ मध्ये ऑस्ट्रेलिया एक देश झाला आणि पहिल्याच वर्षी स्थलांतराचा कायदा केला. कायद्यात कुठेही चिनी, भारतीय असा शब्द नाही. फक्त एक परीक्षा : अधिकारी ५० शब्द वाचेल, ते लिहून दाखवा. भाषा कोणतीही युरोपियन, निवड अधिकाऱ्याची! तुम्हाला इंग्रजी येत असेल तर तो दुसरी भाषा निवडणार. १९३४ मध्ये एगॉन किश नावाच्या बहुभाषिक पत्रकाराला चक्क स्कॉटिश गेलिकमध्ये परीक्षा दिली. ही परीक्षा १९५८ पर्यंत होती. रंगावर माणूस निवडायचं धोरण पूर्ण संपायला १९७३ उजाडलं.

आज पीटीई देणाऱ्यांना 'राइट फ्रॉम डिक्टेशन' हा प्रश्न पाठ असतो. फरक मोठा आहे, हे मान्य. आजची परीक्षा कोणत्या भाषेत हे आधी माहीत असतं, मार्क कसे मिळतात ते माहीत असतं, आणि नापास करण्यासाठी ती घेत नाहीत. पण ऐकून लिहिण्यावर कोणाचं तरी आयुष्य ठरतं, हे जुनंच आहे.

आणि आता पॉइंट्स. आपल्या वयाचे इंजिनियर एक्सेल शीट उघडून बसतात : वय २५ ते ३२ असेल तर ३०, इंग्रजी उत्तम असेल तर २०, किमान हवेत ६५. ज्यांचे कमी पडतात त्यांच्यासाठी ४९१ नावाचा व्हिसा आहे. मोठ्या शहरांबाहेर राहायला तयार असाल, तर १५ पॉइंट्स जास्त. मोठ्या शहरांबाहेर म्हणजे कुठे? बॅलरॅट. बेंडिगो. अरारॅट. ब्राइट.

ज्या गावांपर्यंत पोचू नये म्हणून माणशी दहा पौंड लावले, त्याच गावांत या म्हणून आज माणशी पंधरा पॉइंट्स मिळतात. तेव्हा वाटत होतं हात जास्त झाले. आज तिथल्या हॉस्पिटलांना नर्स हवेत, शाळांना शिक्षक हवेत. हिशोबाची वही तीच आहे, रकाना बदललाय.

याचा अर्थ जाऊ नका असा नाही. जा, खुशाल जा. फक्त १५ पॉइंट्स मिळाले म्हणून आपण जन्मजात लायक, आणि ज्याला दारातून परतवलं तो कमी, असा गैरसमज घेऊन जाऊ नका. रोबच्या किनाऱ्यावर उतरलेला तो शेतकरी आपल्यापेक्षा कमी मेहनती नव्हता. त्याचं वर्ष वेगळं होतं.

मे २०१७ मध्ये या चिनी लोकांच्या वंशजांनी रोबपासून मेलबर्नपर्यंत पुन्हा पायी प्रवास केला. शेवटी व्हिक्टोरियाचे प्रीमियर डॅनियल अँड्र्यूज यांनी विधिमंडळाच्या पायऱ्यांवर त्यांचं स्वागत केलं आणि त्या दहा पौंडांबद्दल राज्याच्या वतीने माफी मागितली. १६२ वर्षांनी.

आपल्या बाजूलाही बघण्यासारखं आहे. उल्हासनगरमध्ये आजही रिक्षावाला विचारतो, "कोणता कॅम्प? तीन की चार?" फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांचे ते कॅम्प, आता शहराचे भाग झाले. बॅलरॅटमध्येही कॅम्प स्ट्रीट आहे. तिथे सरकारी अधिकाऱ्यांचा आणि पोलिसांचा तळ होता. तंबू जातात, नाव राहतं. आपल्या अंबरनाथमध्येही कोणी ऑर्डनन्स फॅक्टरीच्या नोकरीसाठी आलं, कोणी एमआयडीसीच्या, कोणी फक्त मुंबईत घर परवडत नाही म्हणून. पुढच्या वेळी कोणी "हे बाहेरचे" म्हणालं, की एवढंच विचारा : आपण कोणत्या स्टेशनवर चढलो होतो?

मेलबर्नला कोणी असेल तर हा एपिसोड त्यांना पाठवा. जुलै-ऑगस्टमध्ये बर्फ बघायला निघालात, तर ब्राइटच्या अलीकडे बीचवर्थला अर्धा तास थांबा. तिथल्या स्मशानभूमीत चिनी लोकांनी आपल्या मृतांसाठी कागद जाळायला बांधलेले दोन छोटे मनोरे आहेत. ऑगस्टअखेर गेलात तर आसपास वॉटलची झाडं पिवळीधम्मक फुललेली दिसतील. त्या भागात आता वरच्या वर मिळेल असं सोनं तेवढंच.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा, आणि पावसात ट्रॅकवरून चालू नका!